बुधवारच्या बाजाराची घंटा

ज्योत्स्ना निमसेला कुठलीही गोष्ट वरवर वाचून चालत नसे. बिस्किटाचा पुडा घेतला तरी ती मागची बारीक अक्षरं आधी वाचायची. एसटीच्या तिकिटामागचे नियम शेवटपर्यंत वाचलेली नाशिक जिल्ह्यातली ती बहुधा एकटीच. मखमलाबादच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी. डिप्लोमा कॉम्प्युटरचा, इंग्रजी बेताचं, आणि त्या बेताच्या इंग्रजीची लाज झाकायला शब्दकोश कायम पिशवीत. मैत्रिणी चेष्टा करायच्या, की हिला स्थळ सांगून आलं तर ही मुलाच्या बायोडाटातल्या चुका काढून परत पाठवील. तसं एकदा जवळजवळ झालंही होतं, पण तो विषय वेगळा.

अशा बाईकडून एक ओळ चुकीची समजली गेली. तीही अशी, की त्या ओळीपायी सख्खी आई वाहून जायची वेळ आली.

ही गोष्ट २००४ च्या पावसाळ्यातली. शालिमारला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर धनराजभाऊंचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, दोन फोनच्या लाइनी आणि काम करणारी माणसं दोनच, भाऊ आणि ज्योत्स्ना. शहराच्या बातम्यांची वेबसाइट चालवायची असा उद्योग. धनराजभाऊ मूळचे वार्ताफलकवाले. पंधरा-वीस वर्षं त्यांनी चौकातल्या काळ्या फळ्यावर खडूने बातम्या लिहिल्या होत्या. निवडणुकीचे निकाल, क्रिकेटचे स्कोअर, कुणाच्या दहाव्याची वेळ, सगळं. अक्षर मोत्यासारखं आणि आवाज भोंग्यासारखा. पुढे लोक फळ्यापाशी थांबेनासे झाले, तेव्हा भाऊंनी खडू ठेवला आणि कर्ज काढून कॉम्प्युटर आणला. पण माणूस आतून फळ्याचाच राहिला.

वेबसाइटवर सगळ्यात जास्त वाचला जायचा तो गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा. नाशिकमध्ये पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पाणी नदीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं याचीच चौकशी करतात. मारुतीच्या कमरेला पाणी लागेपर्यंत माणसं पूर बघायला जातात, त्याच्या पुढे गेलं की पळतात. भाऊ धरणावर फोन करून आकडा घेत आणि ज्योत्स्ना तो वेबसाइटवर टाके.

त्या वर्षी ज्योत्स्नानेच त्याचं फीड करायची टूम काढली. फीड म्हणजे बातम्यांची एक फाइल. ती कॉम्प्युटरला कळेल अशा एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहायची. मग कुणाच्याही कॉम्प्युटरवरचा वाचणारा प्रोग्राम दर थोड्या वेळाने येऊन ती फाइल बघतो आणि नवी बातमी दिसली की मालकाला कळवतो. माणसाने पुन्हा पुन्हा वेबसाइट उघडून बघायची गरज नाही. भांडी बाजारातून घाटाकडे उतरणाऱ्या बोळात मयूर शेवाळेचा सायबर कॅफे होता. मयूर म्हणजे गणेश मंडळाचा डेकोरेशनवाला, त्याला तारा जोडायची भारी हौस. त्याने कॉम्प्युटरचा आवाज मंडळाच्या भोंग्याला जोडला, भोंगा गच्चीवरून घाटाकडे तोंड करून बांधला, आणि नवी बातमी आली की देवळातल्या घंटेचा आवाज होईल अशी सोय केली. त्याचं बघून नदीकाठच्या आणखी दोन कॅफेवाल्यांनी तेच केलं. पाणी वाढवलं की घाटावर तीन बाजूंनी घंटा. ज्योत्स्नाची छाती फुगली, आणि का फुगू नये?

कारण दर बुधवारी घाटावर बाजार भरतो, आणि त्या बाजारात तिची आई बसायची.

मालनबाई वांगी, कोथिंबीर आणि मेथी घेऊन टेम्पोने यायच्या आणि नदीला अगदी लागून, खालच्या फरशीवर बसायच्या. वरच्या जागा जुन्या लोकांच्या. पावसाळ्यात पोलिसांची जीप सावधगिरीचं सांगत फिरायची आणि मालनबाई प्रत्येक वेळी टोपल्या उचलून पायऱ्या चढायच्या. बरेचदा पाणी फरशीला शिवायचंही नाही. जुलैत अशाच घाईत त्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. प्लास्टर निघालं त्या दिवशी ज्योत्स्नाने आईला समोर बसवून बजावलं, "जीप सगळ्या नदीला मिळून ओरडत असते. तू तिच्यावर जाऊ नकोस. पाणी खरंच वाढवलं की माझी घंटा वाजेल. घंटा वाजली की ऊठ, तोवर जागा सोडू नकोस."

मालनबाईंनी मान डोलावली. लेकीने सांगितलं, विषय संपला.

आता त्या ओळीकडे येतो. फीड कसं लिहायचं याचं इंग्रजीत एक स्पेसिफिकेशन असतं, म्हणजे नियमांचं पान. ज्योत्स्नाने ते शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं, की प्रत्येक बातमीला एक ओळखखूण द्यावी. ती त्या बातमीची एकटीची असावी, आणि बातमी नवी की जुनी हे वाचणाऱ्या प्रोग्रामला हवं तर या खुणेवरून ठरवता येईल. ज्योत्स्नाने खूण म्हणून तारीख घातली. भाऊंचा नियमच तसा होता, एक दिवस, एक फळा. सकाळी फळा पुसायचा, दिवसभरात आकडा बदलला तर तिथेच बोटाने पुसून नवा लिहायचा. "एकाखाली एक चार आकडे दिसले तर लोकांनी कुठला खरा धरायचा?" भाऊ म्हणायचे. यात चूक काय होती? ज्योत्स्नालाही पटलं.

फीड बरोबर आहे का हे तपासणारी एक वेबसाइट होती. पत्ता टाकला की ती नियमाशी ताडून बघायची. पहिल्या दिवशी तिने चांगल्या चाळीस चुका काढल्या होत्या. ज्योत्स्नाने आठवडा खपून एकेक काढून टाकली. शेवटी हिरवी पट्टी आली, फीड वैध आहे. भाऊंनी त्या पट्टीचा रंगीत प्रिंट काढला, फ्रेम केला आणि भिंतीवर गणपतीशेजारी लावला. दोघांना रोज एकच उदबत्ती.

महिनाभर घंटा बिनचूक वाजली. धरणाचा आकडा दिवसात एकदाच बदलायचा, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

मग ऑगस्टमधला तो बुधवार आला. त्र्यंबकच्या बाजूला रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी धरणातून थोडं पाणी सोडलं. ज्योत्स्नाने आकडा टाकला, घंटा वाजली. तेव्हा बाजार अजून मांडायचाच होता. मालनबाई थोडा वेळ पायरीवर थांबल्या, पाणी फरशीच्या बरंच खाली राहिलं, मग नेहमीच्या जागी बसल्या. जेवायच्या सुमाराला भाऊंनी फोन ठेवला आणि म्हणाले, "दुप्पट केलं गं. लिही." तिने आकडा पुसून नवा लिहिला. डबा उघडला, अर्धी पोळी खाल्ली, तोच फोन पुन्हा वाजला. भाऊंनी ऐकलं आणि उभेच राहिले.

"सात हजार क्युसेक. अजून वाढवणारेत. बाजार उठवायला पाहिजे."

ज्योत्स्नाने सात हजार टाकले. भाऊ पुढचे फोन करू लागले. तिची नजर सहज दुसऱ्या कॉम्प्युटरकडे गेली. तिथे तिने स्वतःसाठी तसाच एक वाचणारा प्रोग्राम लावून ठेवला होता. त्यात सकाळचाच आकडा होता. दुपारचा नव्हता. सात हजार तर नव्हतेच.

नेट मंद असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बटण दाबून पुन्हा बघायला लावलं. प्रोग्राम गेला, फाइल बघून आला आणि गप्प बसला. नवं काही नाही.

इथे वाजलं नाही, म्हणजे घाटावरही वाजलेलं नाही. मयूरच्या कॅफेतही हाच प्रोग्राम होता. तिनेच बसवून दिला होता.

"भाऊ, मयूरला फोन लावा."

एंगेज. लागणारच नव्हता, कारण कॅफेचं नेट त्याच फोनच्या तारेवरून चालायचं आणि बाजाराच्या दिवशी ते सबंध दिवस चालू असायचं. बाकीच्या दोन्ही कॅफेंची तीच गत. मयूरचा मोबाइल लावला, तर तो रेंजमध्ये नाही. मग आठवलं, तो सासऱ्याकडे घोटीला गेला होता आणि कॅफेवर त्याची बायको निकिता बसली होती. ती बिचारी गिऱ्हाइकांचे तास मांडणार. घंटा वाजत नाही हे तिला कसं कळावं? न वाजणारी घंटा कुणालाच ऐकू येत नाही.

"पळ तू घाटावर!" भाऊ ओरडले. "आईला उठव!"

ती उठली. चप्पल पायात घातली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. बुधवारच्या गर्दीतून घाटावर पोचायला पाव तास तरी लागणार. पोचून ती एका आईला उठवील. खालच्या फरशीवर बसणाऱ्या बायका तीस-चाळीस होत्या. लताबाई होत्या, सुकी मासळी विकणारी भागीबाई होती. सगळ्यांना तिनेच बढाईने सांगितलं होतं, की घंटा वाजेल. हे फीड दुरुस्त झालं तर तिन्ही भोंगे एकदम बोलतील.

पण चूक कुठे आहे हेच माहीत नव्हतं. सापडलीच नाही तर?

"भाऊ, तुम्ही स्कूटर काढा," ती म्हणाली, आणि परत येऊन खुर्चीत बसली. आईला सोडून कॉम्प्युटरपुढे बसताना तिला स्वतःचीच किळस आली. तरी ती बसली. भाऊ धाडधाड जिना उतरून गेले.

आधी तिने तपासणीच्या वेबसाइटला पत्ता दिला. फाइल जाऊन उत्तर येईपर्यंत ती टेबलाची कड धरून बसली होती. हिरवी पट्टी. फीड वैध आहे. इतका राग तिला आयुष्यात कुणाचा आला नसेल. वेळ चुकली असेल का? सुरुवातीला वेळ लिहायच्या पद्धतीने तिला फार छळलं होतं. तिने बघितलं, वेळ बरोबर. मराठी अक्षरांचा घोळ? तोही नाही. फाइलच वर चढली नसेल? चढली होती, सात हजारचा आकडा तिला डोळ्यांनी दिसत होता. सगळं जागच्या जागी होतं आणि घंटा वाजत नव्हती.

नदीचं पाणी तिने लहानपणापासून पाहिलं होतं. ते कसं येतं हे तिला ठाऊक होतं. आधी लाल गढूळ होतं, मग फरशीच्या फटींतून वर येतं, मग सगळीकडून एकदम.

तिने नियमांचं पान उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. घाईत इंग्रजी आणखी परकं वाटत होतं. चॅनेल, शीर्षक, दुवा, वर्णन. पुढे. पुढे. मग ती ओळखखुणेची ओळ आली. बातमी नवी की जुनी हे प्रोग्रामला या खुणेवरून ठरवता येईल.

तिने ती ओळ पुन्हा वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून.

प्रोग्राम आकडा वाचतच नव्हता. तो फक्त खूण बघत होता. खूण म्हणजे आजची तारीख, आणि आजच्या तारखेची बातमी त्याने सकाळीच वाचून बाजूला ठेवली होती. तिने आत आकडा एकदा बदलला काय नि दहादा बदलला काय, त्याच्या लेखी ती सकाळचीच शिळी बातमी. तपासणाऱ्या वेबसाइटचाही दोष नव्हता. खूण आहे का, ती फाइलमध्ये दोनदा आली नाही ना, एवढंच ती बघणार. आली नव्हतीच. ज्योत्स्नाने दिवसाला खूण दिली होती, नियम बातमीला द्या म्हणत होता. दिवसाला एक फळा हा धनराजभाऊंचा कायदा, जगाचा नव्हे.

दुरुस्ती एका ओळीची होती. खुणेत तारखेपुढे तास-मिनिट जोडायचं, म्हणजे प्रत्येक आकड्याची खूण वेगळी. तिने ते केलं. त्याच झटक्यात शीर्षकही बदललं, लोकांना धडकी भरेल असं लिहिलं, 'घाट & बाजार रिकामा करा, ७००० क्युसेक', आणि फाइल वर चढवली. पर्स उचलली.

जिन्यापर्यंत जाऊन ती परत आली. ही तिची खोड होती, वाचल्याशिवाय सही करायची नाही. हिरव्या पट्टीवरचा विश्वास उडाला होता तरी हाताला सवय होती. पत्ता टाकला. थांबली.

लाल.

शीर्षकातलं ते आणि-चं चिन्ह! एक्सएमएलमध्ये ते नुसतं लिहिलेलं चालत नाही. त्याच्यापाशी येऊन प्रोग्राम अडखळतो आणि सबंध फाइल टाकून देतो. तशीच धावत सुटली असती, तर घंटा मुळीच वाजली नसती आणि घाटावर पोचेपर्यंत तिला कळलंही नसतं. तिने चिन्ह खोडून 'आणि' लिहिलं, फाइल पुन्हा चढवली, पुन्हा तपासली. हिरवी. मग स्वतःच्या प्रोग्रामला बघायला लावलं. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून टण्ण आवाज आला आणि तिला रडू फुटलं.

पण घाटावरचे प्रोग्राम पाव तासाने एकदा बघायचे. आत्ताच बघून गेले असतील तर? ज्योत्स्ना धावली. मेनरोडला माणसांची भिंत उभी होती. छत्र्या, हातगाड्या, मधे आडवी लावलेली रिक्षा. दहीपुलापाशी भाऊंची स्कूटर गर्दीत रुतलेली दिसली. भाऊ स्कूटर तशीच सोडून पायी पुढे गेले होते. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला तिथेच टाकल्या. भांडी बाजारातून उलट्या बाजूने लोक वर येत होते, डोक्यावर गाठोडी, हातात ताडपत्र्या. "पाणी आलं, पाणी आलं," असं कुणीतरी सांगत होतं. त्या लोंढ्यात ती प्रत्येक नऊवारीकडे बघत होती. लताबाई दिसल्या, टोपली काखेत धरून चढत होत्या.

"माझी आई?"

"खालीच हाय की! जीप आली तवाच आम्ही उठलो. तिला म्हनलं चाल, तर म्हने घंटा नाय वाजली अजून."

जीप आली होती. सगळा बाजार उठला होता. उठली नव्हती ती फक्त तिची आई, आणि तेही तिच्यामुळे. घंटा नसती, तर आई केव्हाच वर आली असती.

बोळ संपला आणि नदी दिसली. खालची फरशी नव्हतीच, तिथे लाल पाणी होतं. त्यावरून वांगी, फळकुटं, कुणाची तरी छत्री वाहत चालली होती. आणि त्याच क्षणी डोक्यावर घंटा वाजली. मयूरच्या गच्चीवरची, मग पलीकडची, मग आणखी एक. तिन्ही भोंगे रिकाम्या होत चाललेल्या घाटावर घणघणत होते.

घंटेसरशी पाण्यात उभी असलेली एक बाई वळली आणि पायरी चढायला लागली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत होतं. डोक्यावर एक टोपली, प्लास्टरमधून निघालेल्या हातात तराजू. दुसऱ्या हाताला धनराजभाऊंनी गच्च धरलं होतं. ते स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांचा तो भोंग्यासारखा आवाज पार बसला होता. ज्योत्स्ना पाण्यात शिरली आणि दोघांनी मिळून मालनबाईंना वर ओढलं.

"कवाचा वढतोय तिला," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. घाबरले की त्यांची शहरी भाषा गळून पडायची. "हलायलाच तयार नाय!"

कोरड्या पायरीवर बसवल्यावर ज्योत्स्नाने आईला अक्षरशः हलवलं. "तुला पाणी दिसत नव्हतं का?"

"दिसत व्हतं ना," मालनबाई धापा टाकत म्हणाल्या. "पायाला लागलं, तवाच टोपल्या उचलल्या. दोन ग्येल्या. लोकं हासत व्हती मला. मी म्हनलं, हासा. माझ्या पोरीची घंटा हाय, ती आल्याबिगर ऱ्हानार नाय. आन आली बघ."

"आई, ती उशिरा आली. दुपारीच वाजायला हवी होती. माझं चुकलं. मी चुकीचं समजले होते."

हे सांगताना तिला वाटत होतं, की आईने आता शिव्या द्याव्यात, चांगली एक मुस्काटात मारावी. मालनबाईंनी ओल्या पदराने तोंड पुसलं आणि लेकीच्या अनवाणी पायांकडे बघितलं. एका पायातून रक्त येत होतं. त्यांनी तो पाय उचलून मांडीवर घेतला.

"चुकलं तर दुरुस्त केलं ना?"

"केलं."

"मंग झालं तर. म्होरल्या बुधवारी येळेवर वाजव. मी तितंच बसनार हाय."

ज्योत्स्नाला त्या दिवशी नदीची भीती वाटली होतीच, पण आईच्या त्या भरवशाची वाटली ती त्याहून कितीतरी मोठी होती.